भोपळा

रेल्वेच्या मैदानावरचा गोलफळा माझ्याकडे असतो.
पत्र्याच्या पाट्या, खिळ्याला अडकवायच्या,
शून्य ते नऊ, दोन जोड.
आमच्या बाजूच्या शून्याचं भोक
अडकवून अडकवून लांबट झालंय,
वारा सुटला की ती पाटी एकटीच हलते.

आज सात-शून्य.
मागच्या रविवारी पाच. त्याआधी इस्लामपुरात चार.
त्याआधीचं विचारू नका,
म्हणजे विचारा, वहीत आहे: सहा-एक.
तो एक योहान भोरेचा.
त्या दिवशी मी पाटी शोधत बसलो.
एकची पाटी खोक्याच्या तळाशी,
गंजून दोनला चिकटलेली.
सुटेपर्यंत त्यांचा पुढचा गोल झाला होता.

बघणारे आम्ही चौदा.
पूर्वी दोनशे होतो असं सगळे म्हणतात.
मी मोजलेत. एकशे दहा.

सातवा गोल झाला तेव्हा कुणीतरी ओरडलं,
"सुकुमार, पॅड बांधलेत का गोधड्या?"
हसलो आम्ही. मीही हसलो.
मग दिसलं, त्रिशलाकाकू खालच्याच पायरीवर,
मांडीवर भडंगाचा पुडा,
दोरा न सोडलेला.

शिव्या देऊ नयेत असं नाही.
रविवारची दुपार घालवलीय, तेवढा हक्क आहे.
पण पाठीला देऊ नये.
पोरगा समोर आल्यावर द्यावी, पाण्याची बाटली देताना,
"सुकुम्या, बिनकामाचा पुढं का आलास रे?"
अशी दिली की तिची विचारपूस होते.

आणि पोरांनो, तुम्हीही
मालधक्क्याकडच्या फाटकातनं सटकू नका.
बूट हातात धरून चोरासारखं कशाला जायचं?
चोरीला आपलंच गेलंय.
अंपायर आंधळा होता, मैदान कोरडं होतं,
कॉर्नर घेताना नेमकी बेळगावच्या गाडीनं शिट्टी घातली,
सगळं खरं असेल, बुधवारी बोलू.
आज फक्त आकडा म्हणा,
मोठ्यानं, न खाकरता.
म्हणून बघा. घसा फाटत नाही.

इलाहीचाचा शिकलगार तंबोऱ्याचे भोपळे जोडतात
त्याच सरसानं योहानची स्टिक जोडतात.
दोरा गुंडाळतात, पैसे घेत नाहीत,
म्हणतात, दोन दिवस हात लावू नको.
योहान दुसऱ्या सकाळी लावतो.
परवा तो तिथं मान घालून बसला होता,
"चाचा, यंदा नुसते भोपळेच."
चाचा म्हणाले, "भोपळ्याची लाज काय रे?
आमचं घर तीन पिढ्या भोपळ्यावर चाललंय.
पोकळ आहे म्हणून तर वाजतोय."

ऐकायला बरं वाटतं.
पण फळ्यावरचा भोपळा वाजत नाही, चाचा,
मी रोज अडकवतो, मला ठाऊक आहे.
तसं म्हटलं त्यांना.
ते सरस ढवळत राहिले.
मग म्हणाले, "फोडायचा असतो तो. वाजवायचा आमचा."

घरी आल्यावर मी शिवणयंत्राचं तेल घालून
एकची पाटी घासली, दोनचीही.
तीनपर्यंत गेलो नाही.
खोक्यात वरच ठेवल्यात.
उगीच. हाताशी असाव्यात.

हे परवाचं. आज त्या वरच राहिल्या.

पाहुण्यांची बस गेली.
मी सात काढला, शून्य काढलं,
फळ्यावर नुसते खिळे राहिले.
सुकुमार पॅड न सोडताच चालत आला,
बदकासारखा, समोरच्या फाटकानं,
आणि आमच्या पायरीशी थांबला.
"सात," म्हणाला. "त्यातले तीन माझे."
"दोन," मी म्हटलं. "वहीत आहे."
काकूंनी दोरा सोडला.

चौदाजण, एक पुडा,
धड मूठभरसुद्धा वाट्याला नाही.
आणि कांदा कुणीच आणला नव्हता.
पुढच्या रविवारी मी आणतो म्हणालो.