हात वर

त्या रात्री ढिगाऱ्यावरचा एक माणूस
मधूनच हात वर करायचा
की सगळं थांबायचं. जनरेटर, क्रेन, वाद घालणारे पोलीस,
रडणंसुद्धा.
मग काँक्रीटला कान लावून ऐकायचं
आतून कुणी हाक देतंय का.
मीही श्वास धरून उभा होतो.
मला तिथे कुणी ओळखत नव्हतं.
शेवकेत, बांधकाम तपासनीस. या किनाऱ्यावर माझ्या सहीच्या नऊ इमारती,
त्यातली ही सहावी.

अकरा वर्षांपूर्वीचा मार्च. समुद्राचा वारा हेल्मेटात शिरत होता.
चौदा नंबरच्या कॉलमची रिंग मी पाहिली होती.
पाहिली होती, हे आधी लिहून घ्या.
नकाशात तिचा हुक आत वळलेला, एकशे पस्तीस अंश,
मूठ आवळावी तसा.
जागेवर नव्वद. नुसता टेकवलेला.
धक्का बसला की मूठ धरून ठेवते,
टेकवलेला हात सुटतो.
दहा सेंटीमीटरला एक रिंग हवी होती,
होती वितीवितीवर.
आणि वाळूत शिंपले, नखाएवढे, पांढरे, ओले.

रुकनेत्तिन म्हणाला, "उद्या पंप येतोय, शेवकेत बे.
सोडून पुन्हा बांधायचं तर आठवडा गेला.
बँकेचा हप्ता तुम्ही भरणार?"
त्याने लाच दिली नाही. कोर्टात मी हे सांगितलं
तेव्हा न्यायाधीशबाईंनी पहिल्यांदा मान वर करून पाहिलं.
नुसता चहा दिला, बशीत साखरेचे दोन चौकोन.
मी म्हटलं, बघा बुवा, शेवटी जबाबदारी तुमची.
हात वर केले.
मग तेच खाली आणून
सही केली.

तिसऱ्या दिवशी भिंतीचा एक तुकडा निघाला,
फिकट हिरवा रंग, एक तिरकी भेग,
आणि भेगेला आडव्या पेन्सिलीच्या रेघा.
प्रत्येक रेघेपाशी तारीख.
एकोणीस रेघा.
तिसऱ्या मजल्यावरच्या गुलिझार हानमचं अक्षर, शेजारीण म्हणाली,
शिवणकाम करायची, टेपने मोजायची,
नगरपालिकेत दोनदा जाऊन आली होती.
"प्लास्टर आहे, बाई," असं तिला सांगितलं गेलं.
कुणी सांगितलं ते मला विचारू नका.
आमच्या ऑफिसात तेव्हा आम्ही तिघंच होतो.

जे माझं काम
ते ती करत होती,
बिनपगारी, शाळकरी पोराच्या पेन्सिलीने.

वकील म्हणाला, तेव्हाचे नियम वेगळे होते,
हादरा अपेक्षेपेक्षा मोठा होता,
सही अस्पष्ट आहे, असं म्हणता येईल.
म्हणता येईल.
समोरची इमारत उभी आहे. तोच हादरा, तोच रस्ता, तेच साल.
तिच्या रिंगा कुणी इल्कसेन नावाच्या पोरीने
तीनदा सोडवून घेतल्या होत्या.
कंत्राटदाराने तिला पुढचं काम दिलं नाही.
मला दिलं.

चौथ्या रात्री त्या माणसाने पुन्हा हात वर केला.
आम्ही सगळे थांबलो. कुत्रंही.
बराच वेळ हात तसाच हवेत,
जणू खाली आणायचं त्याच्याच्याने होईना.
मग आणला.
क्रेन सुरू झाल्या.

माझ्या कोठडीत खिडकीखाली एक भेग आहे.
केसाएवढीच. असतात अशा, काही होत नाही,
मी हजारदा सांगितलंय लोकांना.

पहारेकऱ्याकडे पेन्सिल मागितली आहे.