अर्ध्या रेघेपर्यंत

डॉक्टरांनी चिठ्ठीवर बी-बारा लिहिलं,
खाली फॉलिक काहीतरी,
आणि पेनाला टोपण लावत म्हणाले,
उतार थांबणार नाही, धोटेजी.
सावकाश होईल. कदाचित.
बाईंच्या रक्तात कमी आहे म्हणून देतोय,
एरवी लोक उगीच घेतात.

मी सायकलवाला माणूस.
उतार म्हटलं की मला नाल्याकडचा उतार दिसतो,
ब्रेकचं रबर गेलेली सायकल,
आणि चप्पल घासत उतरणारी पोट्टी.
चप्पल झिजायची. सायकल थांबायची नाही.
पण वळणावर जरा उशिरा पोचायची,
आणि तेवढ्यात समोरची बैलगाडी दिसायची.
त्या तेवढ्यासाठी
मी दर महिन्याला हिंगणघाटहून गोळ्या आणतो.

पंचफुलाला जीवनसत्त्व हा शब्द
मी काय शिकवणार?
एकतीस वर्षं अंगणवाडीत ती तपकिरी बाटली,
तो दोन रेघांचा प्लास्टिकचा चमचा.
वर्षाच्या आतल्याला अर्ध्या रेघेपर्यंत,
मोठ्याला पूर्ण.
दोन बोटांत गाल धरायची,
रडं बाहेर यायच्या आत औषध आत.
"थुकशील त पाह्यजो!"
अर्धं गाव तिच्या चमच्यातून
दिवेलागणीला पायरी पाहायला शिकलं.
ताकसांड्यांचा विनायक आता रातच्याला पिकअप चालवतो,
आमच्या दारापाशी गाडी हळू करून
हेडलाइट खाली घेतो.
ती मला विचारते, कोण होय हा?
थोड्या वेळानं पुन्हा विचारते.

पौषात तुरीच्या शेंगा सोलायला बसली
तर दाणे कोंबड्यांना
आणि टरफलं टोपल्यात, नीट, निवडून.
मी टोपलं उचललं, काही बोललो नाही.
भाजी त्या दिवशी वांग्याची केली.

गोळी मात्र रोज घ्यायची.
मी पाणी द्यायचो, ती मान मागे टाकायची,
गिळल्याचा आवाजसुद्धा यायचा.
मी कॅलेंडरवर फुली मारायचो.
मग एका बुधवारी लुगडं धुताना
पदराच्या गाठीत लागल्या
चौदा गोळ्या,
काही विरघळून एकमेकींना चिकटलेल्या.

मी ओरडलो.
म्हणजे, खूप ओरडलो.
शेजारची बेबीबाई कुंपणापाशी आली
आणि तशीच परत गेली.

दुसऱ्या दिवशी दहाला
पंचफुलानं अंगणात सतरंजी घातली.
कोपरे ओढून सरळ केले.
वही म्हणून लाइटचं बिल घेतलं, पेन्सिल कानावर.
मला म्हणाली, लाइनीत ये.
मी आणि बांधलेली शेळी, एवढीच लाइन.
"कोणाचा होय तू?"
म्हटलं, धोट्यायचा.
"किती वर्षाचा?"
एकाहत्तर जिभेवर आले होते.
म्हटलं, चार.
"माय नाई आली संगं?"
म्हटलं, मांगून येऊन राह्यली.
तिनं दोन बोटांत माझे गाल धरले,
दाढीचे खुंट तिला टोचले नाहीत, की टोचले,
आणि चौदातली एक माझ्या जिभेवर ठेवली,
ठेवून तोंड मिटेपर्यंत पाहत राहिली.
थुकायची माझी हिंमत झाली नाही.
बिलावर तिनं एक रेघ ओढली.
मग शेळीकडे वळली.

आता मी तिची गोळी खलबत्त्यात कुटून
गुळाच्या खड्यात देतो.
ती अजून दहाला सतरंजी घालते, कधी चारला.
कधी घालत नाही,
तेव्हा मी दुकानातून दोनदा येऊन पाहून जातो.

डॉक्टरांचा फोन आला होता.
गोळ्या नियमित चालू आहेत ना?
म्हटलं, हो साहेब, नियमित.
दोघांच्याही, हे सांगितलं नाही.
फरक काही वाटतो का, म्हणाले.
अंगणाकडे पाहिलं.
ती शेळीला दटावत होती, नावानं,
आणि नाव माझं होतं.