बारा मिलिलिटर

ट्रॉम्सोत नोव्हेंबर संपताना
पहाट हा फक्त घड्याळातला शब्द.
तीन चाळीस. सिनोवे पंप लावून बसलीय,
अंगात नवऱ्याचा बोटीवरचा स्वेटर, पुढून कापलेला.

यंत्र ओढतं, सोडतं. ओढतं, सोडतं.
तेल न घातलेल्या वल्ह्यासारखं.
बाटलीच्या तळाशी चिकाचा एक पिवळा डाग,
काल सांडला तेवढासुद्धा नाही.

लेक दोन दारांपलीकडे, काचेत,
नाकात नळी. रडायची ताकद अजून यायचीय.
नर्स म्हणाली होती, फोटो बघत बस तिचा.
बघितला. टोपीच दिसते जास्त.

मग पडद्याआड सेलामचा मुलगा रडला,
चार किलोचा, कावीळ झालेला, भुकेला,
दुसरीचा.
आणि सिनोवेला पान्हा फुटला.
दोन्हीकडून. स्वेटर भिजला.

ओशाळली,
मग घाईघाईने बाटली सरळ धरली.

बारा मिलिलिटर.
लेबलवर तारीख, वेळ, नावाच्या जागी अजून
‘मुलगी, सिव्हर्टसन’.

फ्रिजचं दार लावता लावता
पडद्याकडे बघून पुटपुटली,
रड रे बाळा,
अजून थोडं.