उमराव, चार अक्षरी

ग्राझमध्ये पंधरा दिवस मी, पंधरा दिवस इल्दिको.
नित्राहून रात्रीची बस,
पहाटे तिसऱ्या मजल्यावरचं त्यांचं दार.
हेर ट्राउटेनेग, वय वर्षं एक्क्याण्णव.
आंघोळीआधी शब्दकोडं.
आंघोळ टळावी म्हणून शब्दकोडं.

माझ्या मोडक्या जर्मनमध्ये मी वाचते:
'उमराव, चार अक्षरी.'
ते खिडकीबाहेर बघतात.
ट्राम वळून जाईपर्यंत बघतात.
'पुढचं.'

हे शब्द कायद्यानं गेले, त्यांच्या वडलांच्या तरुणपणी.
किताब, मानमरातब, नावामधला 'फॉन',
सगळं एका एप्रिलमध्ये.
वडील काटकसरी.
छापलेली कार्डं फेकली नाहीत त्यांनी,
पट्टी धरून एकेका कार्डावरचा 'फॉन' खोडला.
दोन डबे अजून कपाटात आहेत.
त्यांच्या पाठीवर आम्ही सामान लिहितो:
दूध, बटाटे, मोठ्यांचे डायपर.

आमच्या गावालाही एक ग्रोफ होता.
माझी पणजी त्याच्या हंसांची पिसं उपटायची,
आणि अडून बसलेल्या बैलाला,
धुमसणाऱ्या चुलीला
तोच किताब द्यायची: ऊठ की रे, ग्रोफा!
म्हणून मला उत्तर येत होतं.
लिहून टाकलं. उभं. पेननं.

मग आडवे शब्द येत गेले.
'गे'वरून हंस, नोव्हेंबरात भाजतात तो.
'एर'वरून सलगम.
'आ'वरून राख, ही मला लगेच सुचली.
'एफ'वर बराच वेळ अडलो,
शेवटी निघाली पिसू.
एवढ्यांच्या खांद्यावर
उभा होता आमचा उमराव.

हेर ट्राउटेनेगनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.
'पिसू खोड. शोभत नाही.'
'खोडते. पण मग त्याचेही पाय जातील.'
हसले. इतके, की ठसका लागला,
आणि पाठ चोळताना
शर्टावरून मला बरगड्या मोजता आल्या.
त्या दिवशी आंघोळीला मुकाट्यानं आले.

रविवारी निघताना इल्दिकोसाठी चिठ्ठी,
कार्डाच्या पाठीवर, नेहमीसारखी:
गोळी आठ वाजता.
डाव्या टाचेला मलम, चोळायचं नाही.
कोड्यात 'उमराव' आला
तर उत्तर सांगू नकोस.
त्यांना येतं.