नवी मुलगी, पहिली पाळी

टोपी खाली ओढ, बुसबा. एक केस बाहेर आलाय.
इथे केस म्हणजे डोंगर,
धुराचा कण म्हणजे वाटेत पडलेली धोंड.
आणि तोंडाला पावडर लावून आलीस?
जा, धुऊन ये. मी थांबते.

हं. बस आता. हा मायक्रोस्कोप तुझा.
ही तबकडी. आरशासारखी आहे, पण हिच्यात बघायचं नाही.
हिच्यावर गोल गोल वाटा असतात, त्या ट्रॅक,
वाटेचे तुकडे पाडले की सेक्टर.
दिसणार नाहीत तुला. मला एकोणीस वर्षांत दिसले नाहीत.
फाटकाजवळच्या वास्तुदेवाला
स्ट्रॉ घालून लाल सरबत ठेवतो आपण रोज,
पिणारा कधी दिसतो का?
तसंच हे.

आणि हे हेड. तांदळाच्या कणीहून बारीक.
हेच वाचतं, हेच लिहितं,
आणि तबकडीला शिवत नाही.
ती मिनिटाला सात हजार दोनशे वेळा गरगरते,
हे तिच्यावर तरंगतं, नुसत्या वाऱ्यावर.
शिवलं की दोघंही गेली.
वीज गेली तर आपणहून बाजूच्या उतारावर जाऊन बसतं.
माझा नवरा हसायचा, म्हणायचा, आपला संसार हाच.
त्याचं राहू दे.

रॅम वेगळी. ती इथे बनत नाही.
वीज आहे तोवर तिला सगळं पाठ,
गेली की पाटी कोरी.
साहेब पाकोर्न सांगत होते तेव्हा मला आमची आई आठवली,
दुपारची झोप झाली की मलाच विचारते, तू कुणाची गं?

डब्यावर एक टेराबाइट छापतात.
गिऱ्हाईक घरी लावून बघतं, कमी भरते, भांडायला येतं.
विकणारा हजाराने मोजतो,
यंत्र एक हजार चोवीसने.
आयुथयाच्या बाजारात कोळंबी घेतलीस कधी?
मग तुला काय सांगायचं.

पुराच्या वर्षी पाणी इथवर होतं, या दिव्यांपर्यंत.
पाणबुडे आणले होते यंत्रं वर काढायला.
माझ्या घरात भिंतीवर रेघ उरली,
दोनदा रंग दिला, तिसऱ्या पावसाळ्यात पुन्हा वर आली.

हां, डिलीट. ते विचारतात परीक्षेत.
डिलीट म्हणजे पुसणं नव्हे.
यादीतून फक्त नाव काढतात,
माल जागच्या जागी, वर दुसरं कुणी लिहीपर्यंत.
मी जिल्हा कचेरीत जाऊन
घराच्या नोंदवहीतून त्याचं नाव काढून आणलं.
रांगसुद्धा नव्हती. शिक्का, सही, झालं.
घरी आले तर खिळ्याला त्याची मासे पकडायची टोपी,
आणि कुत्रं अजून साडेसहाला दाराशी.
साहेबांना विचारलं, खरंच पुसायचं असेल तर?
म्हणाले, सगळ्या जागेवर शून्य लिहीत जायचं,
पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत.
वेळ लागतो.
किती, ते नाही बोलले.

इथून मात्र सगळ्या रिकाम्या जातात.
कुणाचे लग्नाचे फोटो, कुणाचे चोरटे हिशेब,
काय भरतील ते भरोत.
आपण आत एक बोटाचा ठसा जाऊ द्यायचा नाही, बस.

चिमटा धर. असा नाही, पेन धरतेस तसा.
श्वास बाजूला सोड.
उचल.
ठेव आता. हलकं.
अजून हलकं, बुसबा,
शिवू नकोस.