पी-त्रेपन्न, एकास शंभर

चार अंशांत उभी असतेस तू,
अंगठ्याएवढी कुपी.
फ्रिजच्या दारावर मीच चिकटवलेली चिठ्ठी :
खाण्याचे काही ठेवू नये.
बिल मी फाईल केलं म्हणून माहीत आहे,
माझे सव्वादोन पगार म्हणजे एक तू.
कसारा घाटात कुरिअरची गाडी बंद पडली,
बर्फाचं पाणी होऊन आलीस.
डॉक्टर अत्तरदे म्हणाले, बघू या वापरून.
तगलीस.

तुझं कूळ वाचलंय मी, सोबतच्या कागदावरच्या बारीक अक्षरांत :
कुठल्याशा थंड देशातला एक उंदीर,
त्याच्या प्लीहेतली एक पेशी,
आणि तिचं लग्न लावून दिलं कॅन्सरच्या पेशीशी,
मरू नये म्हणून.
त्या न संपणाऱ्या संसारातून थेंबाथेंबानं तू
कॅनडा कॉर्नरच्या दुसऱ्या मजल्यावर.
चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक
म्हणतात, ते उगाच नाही.

आज शनिवार. साडेनऊला लाईट जाणार,
म्हणून पहाटेच आले.
कुकरला काचा लावल्या,
शिट्ट्या घरच्यासारख्याच तीन,
आत फक्त वरणाऐवजी
पिंपळगावच्या एका बाईच्या पोटातलं
चार मायक्रॉन जाडीचं काहीतरी.
ब्लॉक अकराशे शहाऐंशी. मेणात एवढंच उरलं होतं.
तिचा मुलगा पहिल्या एसटीनं आलाय.
खाली चहा घेतो, वर येतो,
भिंतीवरचं कॅलेंडर वाचतो, खाली जातो.

एकास शंभर.
ओला टिश्यू घातलेल्या स्टीलच्या डब्यात
तासभर तू तिच्यावर पसरून राहिलीस.

मग रंग.
तपकिरी यायला हवा, पण थोडा, विखुरलेला,
रात्रीच्या जागल्यासारखा, दिसला न दिसला.
धडधाकट माणसात तो तसाच असतो.
सगळीकडे गच्च तपकिरी उठलं
तर समजायचं जागल्या बिघडला,
दारात नुसता ठाण मांडून बसलाय.
आणि काहीच आलं नाही तर

काहीच आलं नाही.
निळं. या टोकापासून त्या टोकापर्यंत निळं.

पहिला संशय तुझ्यावरच.
घाट आठवला, बर्फ आठवला,
मागच्या शनिवारी चार तास बंद राहिलेला फ्रिज.
काच सरकवत सरकवत कडेला गेले,
गाठ संपते तिथं,
आणि तिथं चारदोन साध्या पेशींत
फिकट, चहा सांडून पुसल्यासारखा, तपकिरी.
म्हणजे तू शाबूत आहेस.
होता तिथं ओळखलंस त्याला.
नव्हता तिथं खोटं बोलली नाहीस.

अण्णा बत्तीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटांचे कोरे तक्ते तपासत.
शाई जास्त बसली तरी रद्द,
उतरलीच नाही तरी रद्द.
घरी येऊन कधी काही बोलले नाहीत.
जेवताना ताटाच्या कडेवरून
अंगठा फिरवत राहायचे फक्त.

काच मी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली,
अकराशे शहाऐंशी वरच्या बाजूला येईल अशी.
पंखा मंदावत थांबला.
साडेनऊ.
आता फ्रिज उघडायचा नाही.
आत अंधारात तू, दोन थेंब कमी.

जिन्यावर त्याच्या चपला वाजताहेत.
मी कॅलेंडरचं वळलेलं पान
उगाच सरळ करते.