तिथी गुणिले पाऊण

दुपारी ब्राउझरची नवी आवृत्ती उतरवली.
आचऱ्याच्या टॉवरची दोन कांड्या रेंज,
पावणेतीन तास.
तेवढ्यात मागची खाडी भरून काठोकाठ झाली,
मी पाहिली नाही. टक्केवारी बघत होते.

आता म्हणे ग्राफिक्स कार्डाशी थेट बोलायचं,
मधले दलाल गेले.
हे वाक्य बंदरावर लिलावाच्या वेळी म्हटलं असतं
तर टोपल्या खाली ठेवून हसले असते लोक.

पण खरंच, वेग आहे.
पडद्यावरचा एकेक ठिपका आपला रंग आपण काढतो,
शेजारच्याला विचारत नाही, थांबत नाही,
वीस लाख ठिपके, सेकंदाला साठदा.
आमच्या वाडीत एवढं एकमत
रस्त्याच्या खड्ड्यावरसुद्धा झालेलं नाही.

काम एका रिसॉर्टचं. समुद्राला लागून आहे,
आणि साइटवर त्यांना समुद्र हवा आहे.
खऱ्याचं चित्रीकरण दाखवलं होतं, मचूळ दिसतो म्हणाले.
म्हणून त्रिकोणांची जाळी विणली,
सव्वा लाख त्रिकोण,
आणि प्रत्येक टोकाला थोडं हलायला शिकवलं.

अशी जाळी मी पूर्वीही विणली आहे.
सात वर्षं फ्लॅश लिहिलं.
रापण ओढायचा एक खेळ होता त्यात,
दोर खेचताना माणसं मागे रेलायची,
त्या रेलण्यावर मी दोन महिने घालवले होते.
फाइल आहे अजून. हात लावला की विचारते,
कशाने उघडू?
मी काय सांगणार.
लॅपटॉपच्या भोकांत खारी हवा शिरते,
दर दोन वर्षांनी एक जागा गंजते,
ते तरी डोळ्यांना दिसतं.

पाचच्या सुमारास बाबल मेतर आला,
शिवायचं जाळं खांद्यावर, चार्जर मागायला.
पडद्यापुढे वाकला. बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, पाणी बरां झाला गो,
पण ह्यां भरतीचां की सुकतीचां?

मी उत्तर शोधलं. लाटेची उंची होती,
वाऱ्याची दिशा, उन्हाचा कोन, फेसाचं प्रमाण,
सगळ्याला सरकपट्ट्या.
हे नव्हतं.
माझं पाणी चार दिवस नुसतं हलत होतं,
कुठे येत नव्हतं, कुठून जात नव्हतं.

आज तिथ खयची? त्यानंच विचारलं, त्यानंच सांगितलं.
पंचमी. तिथीक पाऊणान गुणूचां.
पाच पाऊण पावणेचार.
पावणेचाराक भरली, आता उतरता.

एवढंच.
ना लायब्ररी, ना परवाना, ना टिपणी,
कुणी लिहिली ठाऊक नाही,
कुठल्या आवृत्तीपासून चालते विचारायची सोय नाही.
आणि चुकली तर? मी म्हटलं.
अर्धो घंटो चुकता. तेवढां होडी सांभाळता.

नव्या भाषेत नावं देवनागरीत चालतात असं वाचलं होतं.
करून पाहिलं.
तिथी, बरोबर पाच.
भरती, बरोबर तिथी गुणिले पाऊण.
तक्रार न करता घेतलं तिनं.
पंखा घरघरला, आणि सव्वा लाख त्रिकोण
एका बाजूला, अगदी थोडे,
ओढले जाऊ लागले.

रिसॉर्टवाल्यांना कळणार नाही.
बिलात ही ओळ कशी लावायची तेही मला कळलेलं नाही.

बाबल अजून वाकलेलाच होता.
काठाकडे बोट नेलं, जिथे पाणी मागे सरून
मी निळाच रंग ठेवला होता, आळसाने.
हयसर चिखल येता, म्हणाला.
मी चिखल घातला.
मग जाळं खांद्यावर सावरत,
चार्जर खिशात घालत, दारातून वळून,
आता ह्येका वास घालतंस काय?

त्याचा प्रस्ताव अजून कुणी मांडलेला नाही.